स्टूल काढा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या जिममध्ये एका बँकेच्या साहेबांकडून दंडाचा व्यायाम करून घेत होतो. संपादक म्हणाले, "उंचीवर मात करून तुम्ही जे यश मिळवलंत, त्यावर आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा." मी म्हटलं, साहेब, मी उंचीवर मात केलेली नाही. उंचीच माझ्यावर मात करून केव्हाची मोकळी झाली. ती तीन फूट आठ इंचांवर थांबली आहे आणि आता चाळिशीच्या तोंडावर काही हलायची नाही. आणि 'प्रेरणादायी' म्हणाल, तर त्या शब्दानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं गोडानं आणि तुपानंही केलेलं नाही.

ते खदखदून हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. बुटक्या माणसानं काहीही बोललं तरी ऐकणाऱ्याला विनोदच वाटतो, ही माझ्या आयुष्यातली जुनी अडचण आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो की हा लेख मी रागानं लिहितो आहे. तळपायाची आग मस्तकाला जायला माझ्या अंगात फारसा वेळ लागत नाही, अंतर कमी आहे. यावर हसलात तरी चालेल, हा विनोद मी मुद्दाम केला.

आधी आमचा धंदा समजून घ्या. बॉडीबिल्डिंग म्हणजे वजन उचलायची स्पर्धा, असं निम्म्या लोकांना वाटतं. स्टेजवर आम्ही काहीच उचलत नाही. वर्षभर जे उचललं ते अंगावर कुठं आणि कसं बसलं, एवढं दाखवतो. त्यासाठी महिनोन् महिने उकडलेली अंडी, उकडलेली कोंबडी आणि बिनमिठाची भाजी खायची. शेवटच्या दिवसांत पाणीही तोडायचं, म्हणजे कातडी स्नायूला चिकटते. त्या दिवसांत माणूस इतका चिडका होतो की घरचे लोक त्याच्याशी खुणेनं बोलतात. मग अंगभर तपकिरी रंग फासायचा, कारण दिव्यांच्या उजेडात गोरं अंग सपाट दिसतं. वरून तेलाचा हात, कमरेला चिंधीएवढी चड्डी आणि तिला टाचलेला नंबराचा बिल्ला.

स्पर्धा वजनाच्या गटांत होते. सकाळी काट्यावर उभं करतात. सगळ्यात खालचा गट पंचावन्न किलोपर्यंतचा असतो आणि मी चाळिसाच्या थोडा वर भरतो, म्हणजे माझा गट तोच. आमच्या प्रकारात उंचीचा नियम नाही. अमुक उंचीच्या खालच्यानं उतरू नये असं कुठंही लिहिलेलं नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं, पण एकाच्याही चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

मग सगळ्यांना एका रांगेत उभं करतात. खाली टेबलाशी परीक्षक बसलेले असतात. ते ठरलेल्या पोझ मागतात, समोरून दंड, बाजूनं छाती, पाठमोरं होऊन पाठ आणि पाय. त्यानंतर येते कंपॅरिझन. परीक्षक काही नंबर पुकारतात, तेवढेच पुढे येऊन खांद्याला खांदा लावून उभे राहतात, आणि खालून आवाज येतो, "अमुक नंबर, तमुक नंबर, जागा बदला." ज्याला मध्ये घेतलं तो वर चालला आणि ज्याला कडेला सरकवलं तो खाली गेला, असं समजायचं. निकाल नंतर माईकवरून सांगतात, पण आम्हाला तो त्या जागा बदलण्यातच कळलेला असतो. माझं सारं भांडण या एका जागेसाठी होतं. मला कुणीतरी मध्ये घ्यावं, नाहीतर कडेला तरी सरकवावं.

माझे आईवडील पुलगावजवळ भाजीपाला पिकवतात. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी बाजारात बाबांच्या दुकानावर बसायचो आणि येणारा-जाणारा माझ्याकडे पाहून पोराला सांगायचा, "दूध पेत जाय, नाई त असा राह्यशीन." मधुकरभाऊ हे आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक. ते लष्कराच्या डेपोत कामाला होते आणि फावल्या वेळात टिनाच्या शेडमध्ये व्यायामशाळा चालवायचे. एकदा सांभाराची जुडी झटकता झटकता ते थांबले आणि म्हणाले, "तुया खांदा चांगला गोल हाय बे. कायचा व्यायाम करतं?"

मी म्हटलं, "काही नाई."

"मंग कर ना. उद्या येजो."

उंचीच्या आधी खांदा पाहणारा हा मला भेटलेला पहिला माणूस. त्यांनी मला कधी बिचारा म्हटलं नाही आणि शाबासही फारसं म्हटलं नाही. "आणखी दोन मार" एवढंच म्हणायचे. जिममधलं प्रत्येक यंत्र साडेपाच फुटी माणसाच्या मापाचं असतं. बाकावर आडवा झालो की माझे पाय हवेत लोंबायचे, आणि पाय टेकल्याशिवाय छातीचा जोर लागत नाही. मधुकरभाऊंनी बाभळीचे ठोकळे करून आणले. वरून ओढायच्या दांड्याला हात पोचेना, तर दोरीचे फास बांधून दिले. ते ठोकळे आज माझ्या जिममध्ये आहेत. नवे लोक त्यावर बूट ठेवून नाडी बांधतात आणि माझ्या शिव्या खातात.

"हात आखूड म्हणून तुला वजन सोपं जातं," असं पुष्कळ जण म्हणतात. बाकावर पडून वजन ढकलण्यापुरतं ते खरं आहे, मी नाकारत नाही. पण माझे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले आहेत, कंबर आत गेलेली आहे, त्याचं काय? सावंगीच्या एका डॉक्टरांनी फोटो काढून मला दाखवलं होतं की आमच्यासारख्यांच्या मणक्यातली नळी अरुंद असते. ते म्हणाले, व्यायाम कर, पण खांद्यावर बार घेऊन बैठका मारायच्या नाहीत, नाहीतर एक दिवस पाय लुळे पडतील. बैठका म्हणजे पायांच्या व्यायामाचा राजा. तो राजाच माझ्या राज्यात नाही. आडवं पडून, पट्टे बांधून, ठोकळ्यांवर चढून-उतरून जेवढे पाय कमावता आले तेवढे मी कमावले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती माझ्या मुळावर आली.

आता रागाचा भाग. शरीर तयार झालं तशी मला बोलावणी येऊ लागली. गणपती, नवरात्र, नेत्यांचे वाढदिवस, कुस्त्यांची दंगल, कुठंही. याला 'गेस्ट पोझिंग' म्हणतात. खरं तर हा मोठा मान आहे. ज्यानं मोठ्या स्पर्धा मारल्या, जो आता रांगेत उभा राहत नाही, त्याला पाहुणा म्हणून बोलावतात आणि तो गाण्यावर चार पोझ दाखवून जातो. मला हा मान एकही स्पर्धा न खेळता मिळाला. मी तेव्हा खूश होतो. पंगतीत बसायच्या आधीच कुणी हातावर विडा ठेवला तर माणसानं समजून घ्यावं की त्याला जेवायला वाढायचा कुणाचा विचार नाही. माझ्या ते लक्षात यायला काही वर्षं गेली.

निवेदकांची एक वेगळीच जात आहे. मी स्टेजवर आलो की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. आर्वीचा निवेदक तेच म्हणतो, देवळीचाही तेच म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं की हे आपल्यालाच आत्ता सुचलं. समुद्रपूरकडच्या एकाला मी आधीच हात जोडून सांगितलं होतं, "दादा, एवढं वाक्य नका म्हणू." तो म्हणाला, "बिलकुल नाई म्हणत." आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "कीर्ती महान, पण मूर्ती लहान!"

त्याहून वाईट म्हणजे उचलून घेणारे. मी मिशा असलेला, जिल्ह्यातल्या चांगल्या चांगल्यांना घाम फोडणारा माणूस आहे. तरी फोटो काढायचा म्हटलं की लोक मला काखेत हात घालून उचलतात आणि कडेवर घेतात. विचारत नाहीत. एकदा एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता घातलेल्या पुढाऱ्यांनी मला असंच उचलून, तोंड कॅमेऱ्याकडे करून छातीशी धरलं. मी तोंड उघडून सांगणार होतो की साहेब, अंगाला रंग आहे, तेल आहे. मग वाटलं, त्यांनी मला विचारलं नाही, आपण तरी कशाला सांगावं? फोटो झाला, टाळ्या झाल्या, त्यांनी मला खाली ठेवलं. त्यांच्या कुर्त्यावर छातीपासून कमरेपर्यंत माझी अख्खी पाठ उमटली होती, मधल्या खाचेसकट. माझ्या पाठीचा तेवढा स्पष्ट ठसा मी स्वतःही कधी पाहिला नव्हता.

कार्यकर्ते माझ्या अंगावर धावून आले. "सायबाचा कुर्ता खराब केला ना बे तू!"

"म्या केला? मी त हवेत होतो," मी म्हणालो.

लोक हसले आणि मीही हसलो. पण घरी येऊन रंग धुताना मला रडू फुटलं. मायनं बाहेरून विचारलं, "काऊन रे, पाणी गरम झालं काय लई?" मी हो म्हटलं.

मग ठरवलं, पाहुणा म्हणून पुरे झालं, आता रांगेत उभं राहायचं. जिल्ह्याची 'श्री' स्पर्धा वर्ध्याला व्हायची होती. मधुकरभाऊ म्हणाले, "उतर. हरशीन त हरशीन." सगळी तयारी केली. सकाळी काट्यावर उभा राहिलो, वजन बसलं, नंबराचा बिल्ला मिळाला. तो बिल्ला मी चड्डीला तीनतीनदा टाचून पाहिला. रांगेत गेलो. दोन्ही बाजूंना पंचावन्न किलोची मुलं, त्यांच्या बरगडीशी माझं डोकं. मला त्याचं काही नव्हतं. दिवे लागले आणि तेवढ्यात आयोजक मंडळाचे अध्यक्ष स्वतः स्टेजवर आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांच्या हातात स्टूल होतं. मखमलीचं कापड गुंडाळलेलं आणि भोवती झेंडूची माळ.

"चढ गजू," दादा म्हणाले. "मागच्या लोकाईले दिसत नाई तू."

मैदानातून शिट्ट्या, टाळ्या, "चढ, चढ!" एवढं प्रेम उतू जात असताना माणूस काय करणार? मी चढलो. निवेदकानं मूर्ती आणि कीर्ती केली. मी स्टुलावरून पोझ दिल्या, मैदान दणाणलं. कंपॅरिझनला नंबर पुकारले गेले, माझा नंबर आला नाही. पुन्हा पुकारले, तेव्हाही आला नाही. गटाचा निकाल सांगायच्या आधीच दादांनी मला कंबरेएवढी ढाल दिली. तिच्यावर छापलं होतं, 'विशेष सन्मान, जिद्दीला सलाम'. म्हणजे ती आधीच छापून आणली होती. मी अजून काट्यावरही चढलो नव्हतो, तेव्हापासून ती तयार होती.

नागपूरचे उमाटे सर मुख्य परीक्षक होते. वयस्क माणूस, कपाळाला कायमची आठी. मी ढाल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, "सर, मले एकदाही पुकारलं नाई. मी कितवा आलो?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू कितवाच नाई आला."

"काऊन?"

"तू स्टुलावर होता ना बाबा. बाकीचे खाली, तू वर. एकाचे पाय फळीवर, एकाचे स्टुलावर, त मी जुळवू कसा? पाय एका फळीवर पाह्यजेत. स्टुलावर चढला तो पाहुणा. पाहुण्याले मार्क नसतात."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तू चढून राह्यला होता, लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. मले वाटलं, तुले तेच पाह्यजे."

आजही हे वाक्य आठवलं की माझ्या मुठी आवळतात. सरांचा राग येतो की दादांचा की त्या मैदानभर टाळ्यांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, तशी माझी गत झाली होती. कुणी मला हाकललं असतं तर भांडता आलं असतं. हार घातलेल्या स्टुलाशी माणसानं कसं भांडायचं?

असलं एकदाच झालं असतं तर मी लेख लिहिला नसता. पुढच्या स्पर्धांतही तेच झालं. कुठं स्टूल, कुठं खुर्ची, एका ठिकाणी तर दारूच्या खोक्यावर चादर टाकलेली. नको म्हटलं की आयोजकांचा चेहरा पडायचा, "आम्ही तुमच्यासाठीच केलं ना." एका ठिकाणी मी चढलोच नाही, तर परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही आणि शेवटी ढाल मात्र दिली. घरी ढालींचा ढीग झाला. मायनं त्यांचा उपयोग शोधला. भाजीवर झाकायच्या ताडपत्रीची टोकं वाऱ्यानं उडतात, तिथं ती ढाली ठेवते. जिद्दीला सलाम एका टोकाला, प्रेरणास्थान दुसऱ्या टोकाला.

मला याचं जे वाईट वाटतं ते वेगळंच आहे. शरीराचे चांगले दिवस थोडे असतात. पंचविशीतला माझा खांदा, तिशीतली माझी पाठ, ती पुन्हा येणार नाही. ते सगळे दिवस मी वर उभा राहून टाळ्या घेण्यात घालवले आणि एकाही माणसानं मला सांगितलं नाही की तुझ्या अंगात हे चांगलं आहे आणि हे कच्चं आहे. हरलेल्या प्रत्येक पोराला ते सांगतात. मला कुणी हरवलंच नाही.

मागच्या वर्षी खुब्यात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून एखादी स्पर्धा कर, मग उपाशीतापाशी राहून सांध्यांचे हाल करणं थांबव. मी मधुकरभाऊंना सांगितलं. ते आता रिटायर झालेत, गुडघ्याला पट्टा बांधून फिरतात. ते म्हणाले, "मंग एकदा त खाली उभा राह्य."

यंदा वर्ध्याला तीच स्पर्धा, तेच दादा. मी आठवडाभर आधी त्यांना भेटून स्टूल नको म्हणून सांगून आलो होतो. ते म्हणाले होते, "तू म्हणशीन तसं, बाप्पा." काट्यावर उभा राहिलो. मागच्या बाजूला जाऊन रबर ओढून दंड गरम केले. आमच्या गटात आठ-दहा जण होते. शेजारी हिंगणघाटचा इरफान, मुरलेला गडी, त्याच्या पोटऱ्या म्हणजे उलट्या ठेवलेल्या सुरया. आम्ही रांगेत उभे राहिलो. निवेदकानं मूर्ती लहान केली, आणि बाजूच्या पडद्यातून दादा आले. हातात स्टूल, यंदा भगव्या मखमलीचं.

मी म्हटलं, "दादा, आपलं बोलणं झालं होतं."

"अरे, मागच्या लोकाईले दिसत नाई ना."

"ज्याले पाह्यचं असन त्यानं पुढं यावं."

"असं कसं बोलतं? तुह्याच भल्यासाठी सांगून राह्यलो. लोकं तुलेच पाह्याले आले." त्यांनी स्टूल माझ्यापुढं ठेवलं आणि पाठीवर थाप मारली. पाच बोटं रंगात माखली, ती त्यांनी रुमालाला पुसली. मैदानातून आवाज सुरू झाला, "चढ, चढ!"

मी ते स्टूल उचललं आणि दादांच्या हातात दिलं. म्हटलं, "तुमी बसा याच्यावर. मले उभं राह्यचं हाय."

मैदानातलं "चढ, चढ" थांबलं. दादांचा चेहरा लाल झाला. असं वाटलं की आता मला रांगेतून बाहेर काढणार. तेवढ्यात खालून, परीक्षकांच्या मागून, मधुकरभाऊंचा चिरका आवाज आला, "स्टूल काढा!" आधी कुणी साथ दिली नाही. मग माझ्या जिममधले ते बँकेचे साहेब ओरडले, मग आणखी दोघं-तिघं. तेवढ्यात माझ्या शेजारचा इरफान वाकून परीक्षकांना म्हणाला, "सर, स्टूल काढून राह्यले त या कुंड्या अन् हा फ्लेक्सबी काढा ना. माह्या काफ दिसतच नाई कोणाले."

स्टेजच्या कडेला शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या पुढं दादांच्या हसऱ्या चेहऱ्याचा लांबलचक फ्लेक्स ताणला होता. बाकीच्यांच्या त्यात पोटऱ्या झाकल्या जात होत्या, माझी तर मांडीपर्यंतची वाट लागत होती. इरफानला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला त्याच्या सुरया दाखवायच्या होत्या. त्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी राहीन.

उमाटे सरांनी माईक ओढून घेतला. "स्टूल काढा. कुंड्या काढा. तो फ्लेक्स गुंडाळा. मले सगळ्याईचे पाय दिसले पाह्यजेत."

दोन कार्यकर्त्यांनी दादांचा चेहरा एका टोकापासून गुंडाळत नेला. मैदान आता हसत होतं, पण माझ्याकडे पाहून नव्हे.

पोझ झाल्या. मग कंपॅरिझन. सरांनी नंबर पुकारले आणि त्यात माझा होता. मला आधी कळलंच नाही, इरफाननं कोपरानं ढोसलं तेव्हा मी पुढं झालो. आम्ही पाच जण. समोरून दंड दाखवले, बाजूनं छाती दाखवली. सर म्हणाले, "बाराला मधे घ्या." बारा म्हणजे मी. मला मध्ये घेतलं! माझ्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे पाय एका फळीवर, आणि खाली तीन परीक्षक माझ्या छातीकडे इतक्या थंडपणे पाहत होते जसं बाजारात वांगं निवडतात. इतक्या वर्षांत मला तसं कुणी पाहिलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "पाठमोरे." आम्ही वळलो. पाठीची पोझ दिली, मग पाय ताणले. आवाज आला, "बारा अन् सात, जागा बदला." मी मधून सरकलो. पुन्हा आवाज आला, "बारा अन् नऊ." पुन्हा सरकलो. आता माझ्या उजव्या हाताला कुणीच नव्हतं. मी कडेला होतो.

पाचवा आलो. इरफान चौथा.

स्टेजवरून उतरलो तो थेट सरांच्या टेबलाशी. अंगावरचा रंग वाळला नव्हता. "सर, पुढून मले मधे घेतलं, अन् मंग बाहेर काऊन काढलं?"

"मांगून पाय नाईत तुये," सर चष्मा पुसत म्हणाले. "मांडीची मांगची बाजू सपाट हाय. छाती चांगली, खांदा एक नंबर. पण पाठमोरा झाला का सगळं उघडं पडते."

"मले बैठका मारता येत नाईत सर. डॉक्टरनं मना केली. मणका—"

"ते मले कायले सांगून राह्यला? मी काय डॉक्टर हाव? मी इथं पाय पाह्यतो." मग चष्मा चढवून माझ्याकडे पाहून म्हणाले, "याच्या आधी मी तुया अंगाबद्दल तुले काही बोललो होतो काय?"

नव्हते बोलले. मी तिथं उभा राहून त्यांच्याशी भांडलो, आवाज चढवून भांडलो. मागं हरलेल्यांची रांग लागली होती. सगळे जण भांडायलाच आले होते, मी त्यांच्यातला एक. माझ्या मागचा पोट्टा म्हणाला, "भाऊ, आवरा ना लवकर, मलेबी बोलायचं हाय." मला कुणी उचलून बाजूला ठेवलं नाही. मधुकरभाऊंनी दंडाला धरून ओढत नेलं, जसं कोणत्याही तापलेल्या पैलवानाला नेतात.

पुलगावला घरी पोचेपर्यंत मी बडबडतच होतो. मायनं जेवायला वाढलं, भाकर आणि वांग्याची भाजी, मीठ घातलेली. माझ्या गळ्यात पाचव्या नंबराचं पदक होतं, हातात काही नव्हतं. तिनं ते पदक उलटंपालटं करून पाहिलं.

"यंदा ढाल नाई देल्ली?"

"नाई."

"एवढूशा बिल्ल्यानं ताडपत्री कशी दबन?"

"नाई दबन," मी म्हणालो, "अन् पाचवा का म्हणून? तूच सांग माय, का म्हणून पाचवा?" तिनं कपाळाला हात लावला आणि बाबांना म्हणाली, "याले कोणं तरी समजवा हो." बाबा म्हणाले, "चार दिवस जाऊ दे, उतरन राग."

त्याला आता बरेच महिने झाले. राग उतरलेला नाही. खुबा दुखतो म्हणून स्पर्धा बंद, पण बाभळीचे ठोकळे लावून रोज आडवा पडतो आणि मांडीची मागची बाजू ताणतो, उगाच. ती थोडी भरली आहे. संपादकसाहेब, तुम्ही प्रेरणा मागितली होती, माझ्याकडे तक्रार आहे, ती छापा. इरफानच्या पोटऱ्या चांगल्या आहेत, मी कधी नाही म्हटलं नाही. पण त्याच्या पोटावर कातडीखाली त्या दिवशी पाणी होतं, स्नायूंची खालची ओळ फुटलीच नव्हती, पुढच्या रांगेतल्या कुणालाही विचारा. सरांनी माझे पाय पाहिले, ठीक आहे. मग त्याचं पोट का नाही पाहिलं? मला विचाराल तर चौथा मी होतो.